डॉ. उषा मेहता आणि ४२.३४ मीटरची लहर

डॉ. उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळील सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश अमलातील न्यायाधीश. तरीही १९२८ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, ही मुलगी सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत घोषणा देत होती. त्याच वर्षी त्याच कमिशनपुढे पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या हक्कांसाठी साक्ष दिली. पुढे १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषाबेन ‘भारत छोडो’ आंदोलनात उतरल्या, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि ते आंदोलन त्यांना मान्य नव्हते. इतिहासाच्या शिक्षकाने हे अंतर झाकू नये. परंतु आपले म्हणणे मांडण्यासाठी १९२० सालीच ज्यांना ‘मूकनायक’ काढावे लागले, त्यांच्या वारसांना उषाबेनची धडपड परकी वाटण्याचे कारण नाही.

मेहता कुटुंब १९३२ मध्ये मुंबईस आले. विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९३९ मध्ये पदवीधर झाल्या. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे काँग्रेसचे नेते पकडले गेले, वृत्तपत्रांच्या मुसक्या आवळल्या गेल्या. तेव्हा बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी व चंद्रकांत झवेरी या सहकाऱ्यांसह उषाबेननी स्वतंत्र नभोवाणी केंद्र काढण्याचे ठरविले. शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने यांनी साहित्य पुरविले, नरिमन प्रिंटर यांनी यंत्र बांधले आणि २७ ऑगस्ट रोजी ४२.३४ मीटरवर पहिले प्रक्षेपण झाले. केंद्र भारतात कोठेतरी आहे, एवढेच श्रोत्यांना सांगितले जाई.

असे यंत्र मुळात फार गुंतागुंतीचे नसते. व्हॉल्व्ह, तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर यांच्या मंडलात ठरावीक गतीची विद्युत आंदोलने निर्माण होतात; ४२.३४ मीटरसाठी ती सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार असतात. मायक्रोफोनपुढील आवाजानुसार या लहरीचा आयाम कमीजास्त केला, की ती शब्द वाहून नेते. शाळेत असताना ज्यांनी क्रिस्टल रेडिओ बांधला असेल, त्यांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे : लांब एरियल, वेटोळे, गॅलेनाचा खडा आणि कानाला लावायचा फोन. खडा विद्युतप्रवाहाला मुख्यतः एकाच दिशेने वाट देतो, त्यामुळे लहरीतून आवाज वेगळा होतो. सेल लागत नाही. लहरीची स्वतःची शक्तीच पुरते. मात्र त्यावर जवळचे, बलवान केंद्रच लागते. दूरवरचे गुप्त केंद्र ऐकायला व्हॉल्व्हचा चांगला रेडिओ हवा.

खरी अडचण निराळीच होती. जी लहर श्रोत्यांच्या घरी जाते, तीच दिशा शोधणाऱ्या पोलिसी गाडीच्या एरियलवरही पोहोचते. म्हणून केंद्राचे बिऱ्हाड सतत हलवावे लागे. चौपाटीवरील ‘सी व्ह्यू’ इमारतीतून निघालेले हे केंद्र अखेर गिरगावातील पारेख वाडीत आले. चितगाववरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूरचे अत्याचार, अशा दडपलेल्या बातम्या या केंद्राने लोकांपर्यंत पोहोचविल्या.

१२ नोव्हेंबरच्या रात्री पोलिसांनी दरवाजे फोडले. त्यांना तेथवर आणणारे प्रिंटरच होते. पुढे ते माफीचे साक्षीदार झाले. या तरुणांपाशी निष्ठा होती, पैसा उभा राहिला, परंतु यंत्राचे ज्ञान एकाच माणसाच्या हाती राहिले. मला ही त्या प्रयत्नाची सर्वांत दुबळी बाजू वाटते.

चौकशी अनेक महिने चालली. एकांतवास झाला, परदेशी शिक्षणाचे आमिष दाखविले गेले. उषाबेन बोलल्या नाहीत. न्यायालयात उत्तर देणे बंधनकारक आहे का, एवढे त्यांनी विचारून घेतले आणि नाही म्हटल्यावर एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे व चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलभाई व मोटवाने सुटले.

१९४६ मध्ये येरवड्याहून सुटल्या तेव्हा प्रकृती खालावलेली होती. सत्तेच्या राजकारणात त्या गेल्या नाहीत. गांधीविचारावर डॉक्टरेट मिळवून त्यांनी विल्सनमध्ये दीर्घकाळ अध्यापन केले आणि १९८० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. दर ९ ऑगस्टला त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर जात. २००० सालीही अंगात ताप असताना गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्ट रोजी, त्यांचे निधन झाले.