लाजाळू धोंडू आणि साताऱ्याची वाट

परीक्षेचं टेन्शन ही आजकालचीच गोष्ट आहे असं तुम्हाला वाटतं ना? मग १८७५ सालची ही हकिगत वाचा.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली येथे, आजोळी झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरुड गावी गेले. घरची परिस्थिती बेताची. त्यात स्वभाव कमालीचा लाजाळू. चारचौघांत बोलायचं म्हटलं की धोंडूच्या तोंडून शब्द फुटत नसे. आपल्या वर्गातही असं एखादं मूल असतंच, आणि बहुतेक वेळा आपण त्याला गप्प राहू देतो.

मुरुडच्या सोमण गुरुजींनी तसं केलं नाही. त्यांनी धोंडूला दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगितलं. मला ही युक्ती फार आवडते. भाषण नाही, नुसतं वाचन! नजर कागदावर असली की समोरच्या माणसांची भीती निम्मी होते.

पुढे सहावीच्या सरकारी परीक्षेची वेळ आली. परीक्षेसाठी वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत असा नियम होता. दर्या खवळलेला, त्यामुळे बोटीने मुंबई गाठणं शक्य नव्हतं. मग काही मुलं मिळून पायीच साताऱ्याला निघाली. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर! पावसाळ्याचे दिवस, वाटेत कुंभार्ली घाट. चार दिवस चालून मुलं साताऱ्याला पोहोचली.

आणि तिथे काय झालं? कर्व्यांची सतरा वर्षे पूर्ण झाली होती, पण अंगकाठी लहानखुरी. हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही असं ठरवून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. अभ्यास करून नापास होणं एकवेळ समजतं. इथे तर पेपरच हाती आला नाही. त्या वयात असा अन्याय किती खोल लागतो ते शिक्षकांना आणि पालकांना वेगळं सांगायला नको. कर्व्यांनाही तो फार लागला. पण मुरुडला परतल्यावर सोमण गुरुजी होते, अभ्यास होता, बरोबरीची मुलं होती.

दुसऱ्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली आणि पास झाले. मॅट्रिक व्हायला मात्र १८८१ साल उजाडलं. तेव्हा ते तेविशीत होते, बरोबरीची कितीतरी मुलं त्या वयात नोकरीला लागलेली असत. पुढे १८८४ मध्ये बी.ए. आणि १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक.

लाजाळूपणा काही एकदम गेला नाही. तरी विधवांच्या आश्रमासाठी ते अनोळखी दारांत उभे राहून वर्गणी मागत. आश्रम हिंगण्याला गेल्यावर कॉलेज आटोपून पुण्याहून तिथपर्यंत रोज जायचे, चालतच.