आठ कलांचा फरक

पाठ्यपुस्तकांत ग्रहगतीचे तीन नियम अवघ्या चारपांच ओळींत छापलेले असतात; विद्यार्थी ते पाठ करितात व परीक्षेनंतर विसरून जातात. परंतु त्या ओळींच्या मागें एका मनुष्याचें सारें आयुष्य उभें आहे. त्या योहान केप्लरचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजीं जर्मनींतील व्हाइल या लहानशा नगरांत झाला. बाप भाडोत्री शिपाई. तो एकदां लढाईवर गेला तो परत आलाच नाहीं. बाळपणीं देवी आल्यामुळें मुलाची दृष्टि कायमची अधू झाली. ज्यास तारे नीट दिसत नसत, त्यानेंच पुढें ग्रहांचे खरे मार्ग शोधून काढावे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

ट्यूबिंगेन येथें तो धर्मोपदेशक होण्यासाठीं शिकत होता. तेथेंच माएस्टलिन या गुरूपासून त्यास कोपर्निकसचें मत कळलें कीं, पृथ्वी स्थिर नसून ती व इतर ग्रह सूर्याभोंवतीं फिरतात. १५९४ सालीं तो ग्राट्स येथील शाळेंत गणिताचा शिक्षक झाला. पुढें तेथील राज्यकर्त्यांनीं प्रॉटेस्टंट लोकांस धर्ममत बदलण्याची किंवा देश सोडण्याची आज्ञा केली. केप्लरनें मत सोडिलें नाहीं. १६०० सालीं देश सोडिला.

प्राग येथें टायको ब्राहे या डेन्मार्कच्या ज्योतिर्विदानें त्यास आपल्या हाताखालीं घेतलें. दुर्बीण निघण्यापूर्वींच्या त्या काळांत टायकोनें मोठमोठ्या यंत्रांच्या साहाय्यानें, नुसत्या डोळ्यांनीं, ग्रहांचे वेध वर्षानुवर्षें घेऊन ठेविले होते. १६०१ सालीं तो वारला व हा ठेवा केप्लरच्या हातीं आला.

आकाशांतील गति वर्तुळाकारच असली पाहिजे, असें विद्वान् लोक सुमारें दोन हजार वर्षें मानीत आले होते. कोपर्निकसही त्यास अपवाद नव्हता. केप्लरनेंही मंगळाचा मार्ग वर्तुळ धरूनच गणित मांडिलें. पुष्कळ आंकडेमोडीनंतर तें जवळजवळ जुळलें. पण कांहीं वेधांशीं ताडून पाहतां आठ कलांचा फरक निघाला. एका अंशाचे साठ भाग केले असतां प्रत्येक भागास कला म्हणतात. चंद्राचें बिंब सुमारें ३१ कलांचें दिसतें. म्हणजे हा फरक त्याच्या चतुर्थांशाएवढा. तो वेध घेणाराच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें होतें. केप्लरनें तसें केलें नाहीं. टायकोचे वेध इतके चुकणार नाहींत, अशी त्याची खात्री होती. म्हणून त्यानें वेध राखिले आणि आपलें गणित मोडून टाकिलें. पुनः वर्षानुवर्षें खपल्यावर त्यास आढळलें कीं, मंगळाचा मार्ग दीर्घवर्तुळ असून सूर्य त्याच्या मध्यावर नव्हे, तर एका नाभीवर आहे. आणि ग्रह सूर्याजवळ असतां वेगानें चालतो, दूर गेला असतां मंदावतो. हे दोन नियम १६०९ सालीं प्रसिद्ध झाले.

घरीं मात्र दुःखांची परंपरा लागली. १६११ सालीं पत्नी व एक मुलगा हीं दोघें वारलीं. पुढें वृद्ध मातेवर ती चेटकीण असल्याचा आरोप येऊन १६२० सालीं तिला कैद झाली. केप्लर स्वतः तिकडे गेला, त्यानें तिच्या बचावाचें काम चालविलें, आणि १६२१ सालीं ती सुटली. या आरोपाची टांगती तलवार डोक्यावर असतांच, १६१९ सालीं, त्याचा तिसरा नियम प्रसिद्ध झाला: ग्रहाच्या प्रदक्षिणाकालाचा वर्ग त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणांत असतो. पृथ्वीच्या चौपट अंतरावर एखादा ग्रह असता, तर त्यास एका प्रदक्षिणेस आठ वर्षें लागलीं असतीं.

१६२७ सालीं त्यानें ग्रहांचीं कोष्टकें छापिलीं, व त्यांच्या आधारें ७ नोव्हेंबर १६३१ रोजीं बुध सूर्यबिंबावरून जाईल, असें वर्तविलें. तें पाहण्यास तो राहिला नाहीं. थकलेलें येणें वसूल करण्यासाठीं निघाला असतां १५ नोव्हेंबर १६३० रोजीं रेगेन्सबुर्ग येथें त्याचा अंत झाला; पुढें युद्धांत त्याची कबरही नाहींशी झाली. परंतु ठरल्या दिवशीं पॅरिस येथें गासेंदी यानें सूर्यबिंबावर बुधाचा काळा ठिपका सरकतांना पाहिला. १६८७ सालीं न्यूटननें गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडिला, तेव्हां केप्लरच्या नियमांचें कारणही जगास कळलें.

प्रयोगवहींतील आंकडे ओढूनताणून उत्तराशीं जुळविण्याचा मोह आमच्या विद्यार्थ्यांस कधीं ना कधीं होईलच. त्या वेळीं त्यांनीं या आठ कलांचें स्मरण करावें, एवढीच आमची इच्छा आहे.