सावतोबांचा मळा



आज आषाढ वद्य चतुर्दशी, संत सावता महाराजांची पुण्यतिथी. आपलं ज्ञानेश्वरी वाचन अठराव्या अध्यायात आलंय, आणि योगायोग बघा, आपण नेमके त्या ओव्यांपाशी आहोत जिथे माउली सांगतात की आपल्या वाट्याला आलेलं काम हेच फूल, तेच देवाला वाहायचं. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये. त्याच वेळी सोलापूरकडे एक माळी हे अक्षरशः जगत होता. म्हणून आज ओवीऐवजी त्याच्याबद्दल.

सावतोबांचा जन्म 1250 चा, गाव आरण. आजच्या माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ. वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरात विठ्ठलभक्ती आधीपासून होती आणि पोटापाण्याला मळा. लग्न झालं, मुलंबाळं झाली. घर सोडून रानात निघून जाणं वगैरे काही नाही. चरित्र म्हणून बघाल तर घटना फार कमी आहेत. पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य, आणि त्यातलं बहुतेक वाफ्यात वाकून गेलेलं.

पण तो मळा नीट डोळ्यांसमोर आणा. सोलापूर म्हणजे पर्जन्यछायेचा भाग, पावसाचा भरवसा नाही. भाजीपाला करायचा तर विहिरीचंच पाणी. बैल जुंपून मोट ओढायची, ती थारोळ्यात रिकामी व्हायची, तिथून पाटानं पाणी वाफ्यापर्यंत. आणि दारं धरायला माणूस हवाच. एक वाफा भरला की मातीनं तोंड बंद करायचं, पुढचा उघडायचा. क्षणभर लक्ष हटलं तर पाणी भलतीकडे. (आमच्या आजोबांना हे करताना मी लहानपणी पाहिलंय, फक्त मोटेच्या जागी इंजिन होतं.) हे काम करताना माणूस दुसरीकडे असूच शकत नाही. सावतोबांचं नामस्मरण याच कामात चालायचं. कांदा, मुळा असल्या साध्या भाजीत त्यांना विठाई दिसली, विहीर आणि मोटेच्या दोरखंडात पंढरी दिसली. जात हीन मानली गेली, तर त्याबद्दलही ते देवाचे आभारच मानतात, कारण त्यामुळे कर्मकांडाच्या अहंकारातून सुटका झाली. काशिबा गुरवांनी त्यांचे अभंग लिहून ठेवले असं परंपरा सांगते. आज सदतीसच मिळतात.

त्या अभंगात मिरचीही आहे, आणि इथे माझ्यातला इंजिनिअर अडखळतो. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, म्हणजे सावतोबांच्या नंतर दोनशे वर्षांनी. मुखी म्हणता म्हणता वारकऱ्यांनी आपल्या वाफ्यातलं रोप त्यांच्या वाफ्यात लावलं असावं. विठोबाच्या हारातला झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. मला यात काही वाईट वाटत नाही.

पंढरपूर आरणहून काही फार लांब नाही, पण मळा सोडून वारीला जायची सावतोबांना गरज वाटली नाही, असंच सगळे सांगतात. आता कबुली देतो. गेली चार वर्षं माझी वारी हुकली आहे. कधी रिलीज, कधी ऑन-कॉल. आणि दरवेळी मी सावतोबांचं नाव पुढे करतो, की काम हीच पूजा. यंदा ते म्हणताना जीभ अडली. ते पंढरीला गेले नाहीत कारण ते मळ्यात पूर्ण होते. मी पंढरीतही नसतो आणि कामातही नसतो, चार टॅब उघडे आणि मन पाचवीकडे.

त्यांची प्रसिद्ध कथा तुम्हाला माहीत असेल. पांडुरंग, ज्ञानदेव आणि नामदेव निघाले असता देव गुपचूप पुढे होऊन मळ्यात शिरतो आणि मला लपव म्हणून गळ घालतो. सावतोबा खुरप्यानं छाती चिरून त्याला आत ठेवतात, वरून उपरणं बांधतात. मागून नामदेव रडकुंडीला येऊन शोधत राहतात. मला यात ते खुरपं आवडतं. तलवार नाही, काही दिव्य शस्त्र नाही. हाताशी जे होतं ते.

शके 1217 मध्ये, 1295 साली, आजच्याच तिथीला ते गेले. समाधी आरणलाच आहे. आणि याच दिवसांत पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी तिथे येते. भक्ताची पालखी देवाकडे जाते हे आपण नेहमी बघतो, इथे देव निघतो.

माझा मळा म्हणजे बाल्कनीतल्या सात कुंड्या. आधी नर्सरीतली दिखाऊ विदेशी झाडं होती, वर्षभरात गेली. मग आईनं गावाहून तुळस, अडुळसा, गवती चहा आणि कढीपत्त्याचं रोप आणून लावलं. कढीपत्ता जोमानं आला आणि गेल्या महिन्यात त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या. काही दिवसांत त्या हिरव्यागार, बोटाएवढ्या झाल्या आणि झाड बोडकं व्हायला लागलं. फवारणीचं औषध ऑर्डर करायला फोन हातात घेतला होता. आईला विचारलं तर म्हणाली, असू दे, फुलपाखरं होतात त्यांची, झाड परत फुटेल.

औषध मागवलं नाही. एक अळी कुंडीमागच्या गजावर कोष करून बसलीय. रोज सकाळी स्टँड-अपच्या आधी पाच मिनिटं मी तिथे उभा असतो, फोन आत ठेवून. कढीपत्त्याला तीन नवे कोंब आलेत.

उद्या पुन्हा ओवी. राम कृष्ण हरी!