विश्लेषण : निंबोळी तेलातील रसायने शोधणारे सिद्दिकी कोण होते? कडुनिंब फुप्फुसातील बुरशीवर औषध का ठरला नाही?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, म्युकरमायकोसिसमुळे महाराष्ट्रात ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी धावाधाव झाली. बुरशीच्या गंभीर संसर्गावर औषधे मोजकीच आहेत, हे तेव्हा सर्वांना कळले. मग कडुनिंबासारख्या बुरशीरोधक वनस्पतींपासून औषध का बनत नाही? सलीमुझ्झमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञाच्या आयुष्यात याचे बरेचसे उत्तर सापडते.

सिद्दिकी कोण होते?

त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८९७ रोजी उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात सुबेहा येथे झाला. अलिगढमध्ये तत्त्वज्ञान आणि फारसी शिकून ते १९२० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. मात्र वर्षभरातच ते जर्मनीतील फ्रँकफर्टला जाऊन रसायनशास्त्राकडे वळले. १९२७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ते उत्तम चित्रकारही होते आणि फ्रँकफर्टमध्ये त्यांच्या चित्रांची प्रदर्शनेही भरली होती.

हकीम अजमल खान यांच्याशी संबंध काय?

दिल्लीचे प्रसिद्ध युनानी वैद्य आणि काँग्रेसचे नेते हकीम अजमल खान यांनी सिद्दिकींना परदेशातील शिक्षणासाठी आर्थिक मदत केली होती. जुन्या औषधी आधुनिक प्रयोगशाळेत तपासल्या जाव्यात, असा हकीमसाहेबांचा आग्रह होता. त्यासाठी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजमध्ये संशोधन संस्था उभारण्याचे काम सिद्दिकींकडे आले. हकीमसाहेबांचे डिसेंबर १९२७ मध्ये निधन झाले, पण काम थांबले नाही. १९३१ मध्ये सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळांतून एक अल्कलॉइड वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याला ‘अजमलीन’ हे नाव दिले.

या शोधाचे पुढे काय झाले?

अजमलीन हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर उपयोगी ठरले. ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयविकाराच्या निदानासाठी ते आजही काही देशांत वापरले जाते. सर्पगंधेची खरी ख्याती मात्र रक्तदाब कमी करण्यासाठी होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ५० रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. रक्तदाब उतरवणारा प्रमुख घटक, रेसर्पीन, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वेगळा झाला. म्हणजे मूळ तेच, पण हवा असलेला रेणू हाती येण्यास आणखी २१ वर्षे लागली.

कडुनिंबावर त्यांनी काय केले?

१९४० मध्ये सिद्दिकी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले. १९४२ मध्ये त्यांनी निंबोळी तेलातून तीन कडू घटक वेगळे केले : निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन. कडुनिंब जंतू आणि बुरशीला रोखतो, हे घरोघरी माहीत होते. ते नेमके कोणत्या घटकांमुळे, हे रसायनशास्त्राच्या भाषेत मांडण्याची सुरुवात येथून झाली.

मग फुप्फुसातील बुरशीवर ते औषध का नाही?

ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू हवेतून रोज आपल्या श्वासात येतात. निरोगी शरीर ते नष्ट करते. क्षयरोगाने फुप्फुसात पोकळी झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत मात्र ही बुरशी वाढू शकते. बुरशीच्या पेशी बऱ्याच बाबतीत माणसाच्या पेशींसारख्या असतात. त्यामुळे बुरशीला मारणारे, पण रुग्णाला अपाय न करणारे रसायन मिळणे कठीण असते.

काचेच्या बशीतील निष्कर्षही फसवे ठरू शकतात. अमेरिकेतील कृषी संशोधकांनी कडुनिंबाच्या पानांचा अर्क ॲस्परजिलसवर वापरून पाहिला. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होणे थांबले, पण तिच्या वाढीवर फारसा परिणाम झाला नाही. शिवाय रसायन पोटातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात पुरेशा मात्रेत पोहोचावे लागते. त्यानंतर रुग्णांवरील चाचण्या येतात. कडुनिंबाच्या कोणत्याही घटकाने हा टप्पा पार केलेला नाही. म्हणून व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल आणि ॲम्फोटेरिसिन-बी यांसारख्या औषधांवरच उपचार अवलंबून आहेत.

घरगुती वापर सुरक्षित आहे का?

निंबोळी तेल पाजल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. तेलाचे थेंब श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास वेगळाच न्यूमोनिया होऊ शकतो. बुरशीच्या संसर्गात उपचाराला झालेला उशीर जिवावर बेतू शकतो.

सिद्दिकींचा वारसा काय?

१९५१ मध्ये सिद्दिकी पाकिस्तानात गेले आणि तेथील वैज्ञानिक संशोधन परिषदेची उभारणी केली. १९६१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुढे कराची विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राची संशोधन संस्था घडवली आणि उतारवयातही कडुनिंबावर काम सुरू ठेवले. १४ एप्रिल १९९४ रोजी, वयाच्या ९६व्या वर्षी, कराचीत त्यांचे निधन झाले. परंपरेतील औषधाला त्यांनी नाकारले नाही आणि तपासल्याशिवाय स्वीकारलेही नाही. फुप्फुसातील बुरशीवर वनस्पतीतून औषध आलेच, तर तेही याच वाटेने येईल.