संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण

यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या खेड्यात झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. आई विठाबाईंनी कष्ट करून मुलांना वाढविले. कऱ्हाडच्या शाळेत असतानाच स्वातंत्र्यलढ्यात पडून त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे ते वकील झाले. १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहिले. १९६० साली ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले. तोवर देशाचे लक्ष पाकिस्तानच्या सीमेवर होते. उत्तरेकडून युद्ध होणार नाही, असा भरवसा होता. तो भरवसा महागात पडला. कृष्ण मेनन पायउतार झाले आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलाविले. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली. खचलेले सैन्य उभे करणे, हे काम त्यांच्या वाट्याला आले.

त्यांनी आधी माणसे जोडली. तिन्ही दलांच्या प्रमुखांशी रोज सकाळी बैठक सुरू केली. सेनापतींनी युद्धाचा विचार करावा, मंत्र्याने धोरण ठरवावे व साधने पुरवावीत, अशी वाटणी त्यांनी केली. १९६४ पासूनची पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली. सव्वाआठ लाखांचे भूदल, डोंगरी लढाईच्या डिव्हिजन, पंचेचाळीस स्क्वाड्रनचे विमानदल आणि शस्त्रांचे स्वदेशी उत्पादन ही तिची उद्दिष्टे होती. ओझरला मिग विमानांचा कारखाना निघाला. आपल्या राजूरहून वर्धा नदी ओलांडली की येणाऱ्या भद्रावतीलाही त्याच दशकात दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला.

१ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. त्या संध्याकाळी विमानदल वापरण्याची परवानगी यशवंतरावांनी तत्काळ दिली. १९६२ साली लढाऊ विमाने जमिनीवरच राहिली होती. हा फरक लहान नव्हे.

या योजनेत नौदल मात्र मागे राहिले, हे मान्य केले पाहिजे. संरक्षणावरचा खर्च दोन वर्षांत दुपटीहून अधिक वाढला. गरीब देशाला तो भार जड होता. शेती, शाळा आणि तोफा यांचा मेळ घालणे कोणत्याही मंत्र्याला सोपे नसते. पण शत्रूच्या हेतूविषयीच्या अंदाजावर देशाची सुरक्षा सोपवायची नाही, हा धडा त्यांनी कारभारात मुरविला.

१९६६ च्या नोव्हेंबरात ते गृहमंत्री झाले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पराभवानंतर दोष देणारे पुष्कळ असतात. शांतपणे घडी बसविणारा एखादाच असतो. यशवंतराव त्यांपैकी होते.