हाजी मुहम्मद मोहसिन : दानाचे नऊ हिस्से

रमजान लागला की आपल्याकडे पावतीपुस्तकं फिरू लागतात. कुणी मदरशासाठी येतं, कुणी यतीमखान्यासाठी, कुणी गरीब मुलांच्या फीसाठी. आपण ऐपतीप्रमाणे देतो, पावती खिशात घालतो आणि विसरून जातो. पण त्या पैशाचं पुढे काय होतं? तो खरोखर गरजूपर्यंत पोचतो का? आणि देणारा माणूस जगातून गेल्यावर त्याच्या दानाची राखण कोण करतं?

हे प्रश्न आजचे नाहीत. दोनशे वर्षांपूर्वी बंगालमधल्या एका माणसाने आपली सगळी मिळकत अल्लाहच्या नावाने वक्फ केली, तेव्हाही हेच प्रश्न उभे राहिले. त्या माणसाचं नाव हाजी मुहम्मद मोहसिन. पश्चिम बंगालमध्ये आणि बांगलादेशात हे नाव शाळकरी मुलांनाही माहीत असतं. आपल्या मराठी घरांत ते फारसं पोचलेलं नाही. म्हणून ही हकिकत सविस्तर सांगावीशी वाटते.

हुगळीचं घर

कोलकात्याच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटरवर हुगळी हे गाव आहे. गंगेच्या ज्या फाट्याला हुगळी नदी म्हणतात, त्याच्याच काठावर. एकेकाळी हे मोठं बंदर होतं. इराणी, अरब, पोर्तुगीज, डच, सगळ्यांची तिथे ये-जा. इराणातून आलेल्या अशाच एका व्यापारी घराण्यात १७३२ च्या सुमारास मोहसिन यांचा जन्म झाला. वडिलांचं नाव हाजी फैजुल्लाह, आईचं झैनब खानम.

झैनब यांचं हे दुसरं लग्न होतं. त्यांचे पहिले पती आगा मोतहर हे मोठे जहागीरदार. जेसोर आणि आसपासच्या भागात त्यांच्या जमिनी होत्या. त्यांना एकच मुलगी, मन्नूजान. बंगालमध्ये अशी गोष्ट सांगतात की आगा मोतहर यांनी लहानग्या मन्नूच्या गळ्यात एक ताईत बांधला आणि आपल्या मृत्यूनंतरच तो उघडायचा असं बजावलं. ते गेल्यावर ताईत उघडला, तर आत कागद निघाला. सगळी मिळकत मुलीच्या नावावर! गोष्ट खरी असो की रंगवलेली, इस्टेट मन्नूजानकडे आली हे मात्र खरं.

मन्नूजान आणि मोहसिन आईकडून भाऊ-बहीण. ती मोठी, हा धाकटा. दोघं एकाच घरात वाढली आणि दोघांचा एकमेकांवर फार जीव. मोहसिन अरबी-फारसी शिकले, कुरआन शिकले, पुढे मुर्शिदाबादला जाऊन शिकले. व्यायामाचा आणि तलवारबाजीचाही त्यांना नाद होता. त्यांचं अक्षर फार सुंदर. पुढे आयुष्यभर ते स्वतःच्या हाताने कुरआनच्या प्रती लिहीत राहिले.

सत्तावीस वर्षांची पायपीट

बहिणीचं लग्न मिर्झा सलाहुद्दीन यांच्याशी झालं. ती सुखात आहे हे पाहून मोहसिन घराबाहेर पडले ते जवळजवळ सत्तावीस वर्षं परतलेच नाहीत. आधी हिंदुस्तान पाहिला, मग अरबस्तान, इराण, इराक, तुर्कस्तान. हज केला, मदिना पाहिलं, नजफ आणि करबलाची जियारत केली. त्या काळात प्रवास म्हणजे शिडाचं जहाज, उंटांचा काफिला, वाटेत लुटारू आणि रोगराई. गेलेला माणूस परत येईलच याची खात्री कुणी देत नसे.

इतकी वर्षं परमुलखात काढणाऱ्याला एक गोष्ट कळते. मुसाफिराला सराईत जागा मिळते, विहिरीचं पाणी मिळतं, आजारी पडला तर कुणीतरी औषध देतं. हे सगळं कुठून येतं? बऱ्याचदा कुणीतरी शंभर-दोनशे वर्षांपूर्वी करून ठेवलेल्या वक्फमधून. मुस्लिम जगातल्या सराया, दवाखाने, मदरसे अशाच वक्फवर चालत. मोहसिन यांनी पुढे जे केलं, त्याची मुळं या प्रवासात असावीत असं वाटतं.

इकडे मन्नूजानचे पती वारले. मूलबाळ नाही. तिने दुसरं लग्न केलं नाही, इस्टेटीचा कारभार स्वतःच हाती घेतला आणि तो उत्तम चालवला. अठराव्या शतकात एका विधवा बाईने जमीनदारी सांभाळणं हे सोपं काम नव्हतं. वय झाल्यावर तिने भावाला बोलावून घेतलं. १८०३ मध्ये मन्नूजान वारल्या आणि जाण्यापूर्वी सगळी मिळकत त्यांनी भावाच्या नावावर केली.

आपण मोहसिन यांचं नाव घेतो तेव्हा या बहिणीला विसरू नये. ज्या दौलतीतून पुढे हजारो मुलं शिकली, ती आधी तिने सांभाळली होती. ती उधळली गेली असती तर वक्फ करायला काही उरलंच नसतं.

नऊ हिस्से

मोहसिन तेव्हा सत्तरीत होते. लग्न केलेलं नव्हतं, वारस नव्हता. राहणी फकिरासारखी. हातात पैसा आला तरी जेवण साधं, कपडे साधे. रात्री वेष बदलून ते वस्त्यांतून फिरत आणि उपाशी घरं शोधत, असं लोक सांगतात. एकदा घरात चोर शिरला, त्याला पकडलं आणि त्याची हालत ऐकून उलट पैसे देऊन सोडलं, अशीही गोष्ट आहे.

पण मोहसिन यांचं खरं मोठेपण या गोष्टींपेक्षा एका कागदात आहे. १८०६ मध्ये त्यांनी वक्फनामा केला. मिळकतीच्या उत्पन्नाचे नऊ हिस्से पाडले. तीन हिस्से धार्मिक कामांसाठी : फातिहा, मुहर्रम, इमामबाडा आणि कब्रस्तानची देखभाल. चार हिस्से माणसांसाठी : तिथे काम करणाऱ्यांचे पगार, आणि ज्यांना मदतीची गरज होती त्यांच्या पेन्शन व वृत्ती. ही नावं वेगळ्या यादीत, मोहसिन यांच्या सही-शिक्क्यानिशी लिहिलेली होती. उरलेले दोन हिस्से दोन मुतवल्लींना, प्रत्येकी एक, त्यांच्या कामाचा मोबदला म्हणून.

हा हिशोब नीट पाहिला तर त्यामागचा विचार लक्षात येतो. सगळ्यात मोठा वाटा माणसांना. कुणाला किती द्यायचं याची लेखी यादी. आणि कारभार पाहणाऱ्यालाही घसघशीत मेहनताना, म्हणजे त्याला दुसऱ्याच्या हिश्श्यात हात घालायची गरज पडू नये. आजच्या ट्रस्टच्या भाषेत सांगायचं तर धर्मकार्य, अनुदान आणि प्रशासकीय खर्च असं तीन खात्यांचं बजेटच त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी आखून दिलं. स्वतःकडे आपल्या गुजराणीपुरतं ठेवलं. २९ नोव्हेंबर १८१२ रोजी त्यांचं निधन झालं. इमामबाड्याजवळच त्यांना दफन केलं.

राखणदारच चुकले तर?

इथपर्यंतची हकिकत ऐकायला छान वाटते. खरी परीक्षा पुढे सुरू झाली.

एवढी तजवीज करूनही वक्फनाम्यात एक जागा कच्ची राहिली होती. वृत्ती कुणाच्या चालू ठेवायच्या आणि कुणाच्या बंद करायच्या, याचा सगळा अधिकार मुतवल्लींकडे होता. त्यांच्यावर नजर ठेवणारं कुणी नव्हतं. काही वर्षांतच तक्रारी सुरू झाल्या. मुतवल्ली आपसांत भांडू लागले, पैशाच्या अफरातफरीचे आरोप झाले. कंपनी सरकारने १८१० मध्ये धार्मिक देणग्यांच्या देखरेखीचा कायदा केलेला होताच. त्याचा आधार घेऊन सरकारने दोघांनाही काढलं आणि एका मुतवल्लीच्या जागी स्वतःच बसलं. त्यात वारसाहक्काचा दावा उभा राहिला. तो खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८३५ मध्ये निकाली निघाला.

इतकी वर्षं खटला चालला, तोवर उत्पन्न साचत गेलं. मोठी रक्कम जमा झाली. आता ती खर्च कशी करायची? सरकारने ठरवलं, कॉलेज काढायचं. १ ऑगस्ट १८३६ रोजी हुगळी कॉलेज सुरू झालं. याच पैशातून दवाखाना उभा राहिला. चुंचुडा इथलं जिल्हा रुग्णालय आजही इमामबाडा हॉस्पिटल म्हणूनच ओळखलं जातं. १८४१ ते १८६१ या काळात नदीकाठी मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्याचा भव्य इमामबाडा बांधला गेला. मोहसिन यांच्या वक्फनाम्याचा मजकूर त्याच्या भिंतीवर कोरलेला आहे. आपला हिशोब भिंतीवर लिहून ठेवणाऱ्या संस्था किती असतील!

कॉलेज सगळ्या जातीधर्मांच्या मुलांना खुलं होतं. 'वंदे मातरम्'चे कवी बंकिमचंद्र चट्टोपाध्याय याच कॉलेजात शिकले. यात वाईट काहीच नाही. एका मुसलमानाच्या दानावर शेजारच्या हिंदू मुलाने शिकावं, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. दुःख वेगळं होतं. इंग्रजी वर्गांत मुसलमान मुलं फारच थोडी होती. गरीब मुसलमान शेतकऱ्याला, विणकराला तिथली फी झेपत नव्हती. ज्याच्या नावाने पैसा ठेवला, त्याचाच मुलगा दाराबाहेर.

विचारणारे लोक

ही गोष्ट बदलली ती काही माणसांनी प्रश्न विचारला म्हणून. नवाब अब्दुल लतीफ हे बंगाल सरकारचे अधिकारी आणि समाजाच्या शिक्षणासाठी झटणारे कार्यकर्ते. त्यांनी १८६१ मध्ये हुगळीच्या मदरशाबद्दल सविस्तर टिपण लिहून मोहसिन फंडाचा मुद्दा मांडला. १८६३ मध्ये त्यांनी कोलकात्यात मोहम्मडन लिटररी सोसायटी काढली आणि हा विषय लावून धरला. १८७१ मध्ये विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्तानी मुसलमानांवर जे पुस्तक लिहिलं, त्यातही या फंडाच्या वापरावर कडक टीका होती.

अखेर १८७३ मध्ये बंगाल सरकारने निर्णय फिरवला. हुगळी कॉलेजचा खर्च सरकारी तिजोरीतून करायचा आणि मोहसिन फंड मुसलमानांच्या शिक्षणासाठी वापरायचा. म्हणजे कॉलेजही बंद पडलं नाही आणि कुणा हिंदू विद्यार्थ्याचं नुकसानही झालं नाही. लगेच ढाका, चितगाव आणि राजशाही इथे मदरसे उघडले. सरकारी शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्या मुसलमान मुलांची दोन तृतीयांश फी फंडातून भरली जाऊ लागली. उरलेला एक तृतीयांश घरच्यांनी भरायचा. ही रीतही विचार करण्यासारखी आहे. घरच्यांचा थोडा का होईना वाटा राहिला की मुलाच्या शिक्षणाकडे घराचंही लक्ष राहतं.

एका बापाच्या बाजूने विचार करून पाहा. पोरगा हुशार आहे, पण फी भरायची तर बैल विकावा लागेल. तीन रुपयांतले दोन कुणीतरी भरतोय म्हटल्यावर तो पोरगा शाळेत जातो. असे कितीतरी पोरगे पुढे वकील, शिक्षक, डॉक्टर झाले. हुगळी कॉलेजातच शिकलेले सय्यद अमीर अली पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि नंतर प्रिव्ही कौन्सिलचे सदस्य झाले. ज्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये एकदा या मिळकतीचा खटला चालला, तिथेच या कॉलेजचा विद्यार्थी न्यायासनावर बसला. हेच अमीर अली १८७६ पासून १९०४ पर्यंत हुगळी इमामबाड्याच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते. ज्या संस्थेने घडवलं, तिचा हिशोब सांभाळायला ते परत आले.

फाळणी झाली तेव्हा जेसोर-खुलना भागातल्या जमिनी सीमेपलीकडे गेल्या, इमामबाडा अलीकडे राहिला. नाव मात्र दोन्हीकडे टिकलं. इकडे हुगळी मोहसिन कॉलेज आहे. तिकडे चितगावचं मोहसिन कॉलेज आणि ढाका विद्यापीठातलं मोहसिन हॉल हे वसतिगृह.

आपल्यासाठी काय?

मोहसिन यांनी दिलं ते १८०६ मध्ये. गरीब मुसलमान मुलाच्या फीपर्यंत ते नीट पोचलं १८७३ नंतर. मधे सदुसष्ट वर्षं गेली, म्हणजे दोन-तीन पिढ्या. दान मोठं होतं, नियत साफ होती, कागदही पक्का होता. तरी इतका उशीर झाला, कारण राखणदार चुकले आणि विचारणारे उशिरा जागे झाले.

आपल्याकडेही गावोगावी मस्जिद, दर्गा, कब्रस्तान यांच्या जमिनी आहेत. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था आहेत, विधवांना रेशन आणि आजाऱ्यांना औषध देणारे छोटे छोटे ट्रस्ट आहेत. त्यातले बरेच प्रामाणिकपणे खपतात. त्यांना पैसे तर द्यावेतच, पण वर्षातून एकदा हिशोबही विचारावा. जमीन किती, भाडं किती येतं, यादीत कुणाची नावं आहेत, कुणाचं नाव राहून गेलं. हे विचारणं म्हणजे संशय घेणं नाही. प्रामाणिक माणसाला हिशोब दाखवायला आनंदच होतो, आणि ज्याला राग येतो त्याच्याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं.

आणि ज्यांच्या हातात अशी संस्था आहे, त्यांनी मोहसिन यांचे नऊ हिस्से एकदा डोळ्यांसमोर आणावेत. आपल्या संस्थेत माणसांचे हिस्से किती आणि इमारतीचे किती? यादी लेखी आहे की एकाच माणसाच्या डोक्यात? तो माणूस उद्या नसला तर त्या यादीतल्या विधवेला तिची मदत मिळेल का?

सदका-ए-जारिया म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणारं दान. ते चालू राहावं म्हणून मागे राहिलेल्यांना जागं राहावं लागतं. अल्लाह हाजी मुहम्मद मोहसिन आणि मन्नूजान खानम या बहीण-भावांची मगफिरत करो, आणि त्यांनी ठेवलेल्या अमानतीसारख्या आपल्या गावातल्या अमानती सांभाळण्याची आपल्याला तौफीक देवो.