तुकोबांचे रूप ल्यालेले नट : कै. विष्णुपंत पागनीस

बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या आपल्या टापूत मराठी आणि कानडी एकाच अंगणात नांदतात, आणि पंढरीची वाट दोन्ही भाषांची माणसे चालतात. अशाच दुसऱ्या एका सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी गावी, १८९२ साली विष्णुपंत पागनीस यांचा जन्म झाला. श्रीतुकोबारायांचे ध्यान करू जाता आपल्यापैकी अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ज्यांचा चेहरा उभा राही, तेच हे नट. त्यांचे चरित्र सभासद कुटुंबांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

विष्णुपंत बालवयातच कोल्हापूरच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी मराठी नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. गोड गळा आणि रेखीव चेहरा लाभलेल्या मुलाच्या वाट्याला त्या ओघानेच येत; विष्णुपंतांच्याही आल्या. लुगडे नेसून चालणे, पदर सावरणे, नजर लववणे आणि ध्वनिक्षेपकावाचून शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचविणे, ही तालीम वर्षानुवर्षे चालली.

परंतु या कलेला वयाची मर्यादा असते. शिवाय काळही पालटत होता. १९३१ साली हिंदुस्थानात बोलपट आला. १९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलता केला. प्रेक्षक तिकडे वळले आणि एकामागून एक नाटक मंडळ्या विस्कटू लागल्या. ज्याने उमेदीचा काळ नायिका रंगविण्यात घालविला, त्याला चाळिशी उलटल्यावर कोण विचारणार, हा प्रश्न पोटाचा होता तसाच कलेचाही होता.

त्याचे उत्तर पुण्यास मिळाले. दामले आणि फत्तेलाल हे प्रभातचे दिग्दर्शक ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढीत होते. तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंतांचे नाव पुढे आले, तेव्हा त्यांच्या अंगी मुरलेला नाजूकपणा पाहून प्रारंभी शंका घेतली गेली, असे सांगतात. शंका गैर नव्हती. रंगभूमीवर हातवारे मोठे लागतात. कॅमेऱ्यापुढे मात्र पापणी हलली तरी दिसते. विष्णुपंतांनी हावभाव आवरले, आवाज खाली आणला आणि भजनाचा सहजपणा तेवढा ठेवला. ज्या मार्दवाची भीती वाटत होती, तेच भूमिकेचे बळ ठरले. जो संप्रदाय देवालाच माउली म्हणतो, त्यातील संताच्या मुद्रेवर मार्दव दिसावे, यात नवल ते काय?

गौरी यांनी जिजाईचा त्रागा आणि जिव्हाळा असा उभा केला की, त्यांच्या कडाक्यापुढे विष्णुपंतांची शांती अधिकच उठून दिसली. केशवराव भोळे यांच्या संगीतात शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद तर लोकांना तुकोबांचा अभंगच वाटले.

१९३६ च्या डिसेंबरात बोलपट मुंबईस लागला आणि एकाच चित्रगृहात ५७ आठवडे चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण विष्णुपंतांची खरी कसोटी पुढेच होती. लोक त्यांना नट म्हणून न पाहता संत म्हणून नमस्कार करू लागले. त्यांच्या वेषातील छायाचित्रे देवघरांत गेली. असा मान नटाला बिघडवू शकतो आणि बांधूनही टाकतो. पुढे ‘संत तुलसीदास’ (१९३९) व ‘नरसी भगत’ (१९४०) या चित्रपटांतही त्यांना संतांच्याच भूमिका मिळाल्या. इतर रूपे धारण करण्याची वाट जवळजवळ मिटली. ३ ऑक्टोबर १९४३ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नट हा संत नव्हे, हे आपण जाणतो. तरी प्रेक्षकाला स्वतःचा विसर पडावा आणि तुकोबा आठवावेत, एवढे साधण्यासाठी नटाला आधी आपले मीपण बाजूला ठेवावे लागते. चिकोडीच्या या गुणी पुरुषाने ते साधले. त्यांच्या स्मृतीस आम्ही सादर वंदन करतो.